परवान्यापुरती भिंत

भिंतीपलीकडून ठक् असा आवाज आला, तेव्हा फ्रिट्स गुडघ्यावर बसून कागदपत्रांच्या कपाटाचं कुलूप खरंच लागतं का ते पाहत होता. आवाज एकदा आला. मग थोडं थांबून पुन्हा. मग लागोपाठ, घाईघाईने, बंद दारावर कुणी मूठ मारावी तसा. फ्रिट्सने मान वर केली.

"काय हो ते?"

"पाइप," रोमन वोय्नार म्हणाला. "जुनी इमारत आहे. गरम पाणी खेळायला लागलं की ठणठणतात."

विचार करायच्या आधीच शब्द तोंडातून निघून गेला होता. आयुष्यभर गाड्या विकलेल्या माणसाचं तोंड डोक्याची वाट पाहत थांबत नाही. डोकं मागाहून येतं, दमलेल्या नोकरासारखं, आणि झालेला पसारा बघतं. ते आलं तेव्हा त्याला कळलं की पाइप नव्हते. भिंतीच्या पलीकडे मिसेस पेलचारचं स्वयंपाकघर होतं. मिसेस पेलचारने ऐंशी कधीच ओलांडली होती, वॉकर धरून ती खोलीतल्या खोलीत फिरायची, आणि ही भिंत उभी राहिली त्या दिवशी तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं : "मला काही झालं, पडले-बिडले, तर मी भिंतीवर ठोकीन. तू ये, रोमेक." तो म्हणाला होता, "हो हो, ठोका." लहान मुलाला चंद्र आणून देतो म्हणावं, तशा सुरात.

फ्रिट्स पुन्हा कुलपाकडे वळला. किल्ली फिरवली, उलटी फिरवली, खण ओढून पाहिला. हा राज्याच्या परवाना खात्याचा माणूस. अंगात नायलॉनचं जाकीट, जाकिटावर दुपारच्या सॉसेजची पिवळी मोहरी, कमरेला मोजपट्टी. रोमनला त्याच्याकडे पाहिलं की पोटातून तिरस्कार वर यायचा, आंबट ढेकरेसारखा. एका मोजपट्टीवर हा माणूस ठरवणार की रोमन वोय्नार जुन्या गाड्या विकायला लायक आहे की नाही. एक टेबल. दोन खुर्च्या. चालू असलेला फोन. कुलपाचं कपाट. दारावर उघडण्या-मिटण्याच्या वेळा. बाहेर पाटी, आणि पाटीवरची अक्षरं रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येतील एवढी. पटांगणात घट्ट बसवलेली खडी, म्हणजे गाड्या चिखलात रुतायला नकोत. एवढं झालं की माणूस सचोटीचा. नियम करणाऱ्यांनी रात्रंदिवस बसून जगातल्या सगळ्या लबाड्यांचा विचार केला असावा आणि शेवटी त्यांना सुचल्या त्या दोन खुर्च्या. या धंद्यातले सगळे चोर रोमनला नावानिशी माहीत होते, आणि त्यांच्यापैकी एकाकडेही खुर्च्यांची कमतरता नव्हती.

आवाज थांबला होता. हे त्याच्या ध्यानात जरा उशिराच आलं. ठोकणं थांबलं म्हणजे काय? एक तर तिचं काम झालं, किंवा हात थकला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, चेहऱ्यावर तेच हसू, जे त्याने रिंग रोडवरच्या शोरूममध्ये कमावलं होतं. तिथे त्याचं नाव रे होतं. रे वॉर्नर. मालक म्हणाला होता, वोय्नार असलं पोलिश नाव ऐकलं की गिऱ्हाइकाला वाटतं हा गाडी विकणार की कोबीचं लोणचं. सगळे हसले, तोही हसला, आणि दुसऱ्या दिवशी खिशावर रे वॉर्नर अशी पट्टी लावून आला. त्या नावाने त्याने अर्ध्या टोलेडो शहराला गाड्या विकल्या. नवरा-बायको आत शिरले की दोघांतलं कोण सही करणार हे त्याला त्यांच्या चालण्यावरून कळायचं. जो गाडीच्या दाराला हात लावायचा तो नव्हे. जो लावत नसे तो. माणसं त्याला कधी आवडली नाहीत. ती आवडली असती तर विकता आलं नसतं. मग मालक म्हातारा झाला आणि त्याचा मुलगा आला, बिनमोज्यांचे बूट घालणारा, आणि एका सकाळी त्याने सगळ्या जुन्या विक्रेत्यांना ओळीने बसवून फोन कसा उचलावा हे शिकवायला एक पोरगी आणली. "हसत हसत हॅलो म्हणा, हसू ऐकू येतं." रोमन उठला, खिशावरची पट्टी काढून तिच्या कॉफीत टाकली आणि बाहेर पडला. ही गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे त्याने पट्टी टेबलावर ठेवली होती, नीट, सरळ. आणि त्या पोरीला थँक यू म्हणाला होता.

"खिडकी उघडते का?" फ्रिट्सने विचारलं.

"उघडते. दाखवू?"

"नको. उघडते म्हणता ना." आणि त्याने काहीतरी खूण केली. हा असला माणूस. कुलूप तपासलं, खिडकी सोडली. मन मानेल ते मोजायचं.

हा गाळा आधी ब्रोनेक पेलचारचा, म्हातारीच्या नवऱ्याचा. बूट दुरुस्तीचं दुकान. अजूनही दमट दिवशी भिंतींतून चामड्याचा आणि गोंदाचा वास यायचा. रंगाचे दोन हात देऊनही गेला नव्हता. रोमन याच रस्त्यावर वाढलेला. बाप काचेच्या कारखान्यात होता. भट्टीसमोर उभं राहून त्याच्या भुवया कायमच्या जळालेल्या, त्यामुळे त्याचा चेहरा नेहमी चकित दिसायचा आणि रोमनला त्याची शाळेत लाज वाटायची. बापाचे बूट याच दुकानात पुन्हा पुन्हा तळ लावून घेतले जायचे. नवे घे म्हटलं की बाप म्हणायचा, "चालतात की अजून." चालतात की अजून. हे अख्ख्या रस्त्याचं ब्रीदवाक्य होतं. चर्च चालतंय, बेकरी चालतेय, माणसं चालताहेत, सगळ्याला तळ लावलेला. इथून बाहेर पडताना त्याने ठरवलं होतं की परत यायचं ते बापाला खांदा द्यायलाच. आणि आता पटांगणात पाटी उभी होती, वोय्नार मोटर्स, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. टोपणनाव चालणार नाही असं खात्याने कळवलं होतं. पाटी चढली त्या दिवशी समोरून जाणारी एक बाई थांबून म्हणाली होती, "तू काचवाल्या वोय्नारचा ना रे?" त्याला ती पाटी उतरवून कुठेतरी पुरून टाकावीशी वाटली होती.

जागा स्वस्त म्हणून घेतली. शेजारचं मोकळं पटांगणही म्हातारीचंच. बायको लॉरेन म्हणाली होती, "तुला ती गल्ली आवडत नाही, ती माणसं आवडत नाहीत, जुन्या गाड्या तर अजिबात आवडत नाहीत. मग हे कशासाठी?" लॉरेन दाताच्या डॉक्टरकडे पुढच्या टेबलावर बसायची आणि तिला वाटायचं की प्रश्न नीट विचारला की उत्तर मिळतं. "दुसऱ्याच्या हाताखाली पुन्हा जाणार नाही," तो म्हणाला होता. आणि लॉरेनने तिच्या आईच्या घराचे आलेले पैसे काढून दिले होते, अगदी शांतपणे, जसं दात काढायला आलेल्याला ती आत जा म्हणे.

म्हातारी मात्र जागेसकट मिळाली. दुकान आणि तिची मागची खोली यांच्यामध्ये एक दार होतं, आणि सकाळी तो टेबल पुसत असतानाच ते दार करकरायचं. आधी वॉकरची पुढची चाकं, मग ती. येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायची, खिडकीशी. ब्रोनेक असताना ती तिथेच बसायची म्हणे. रस्त्यावरून कोण गेलं, कुणाची नात कुणाबरोबर हिंडते, पाद्री अंगाने कसा सुटला आहे, सगळं सांगायची. बारा वाजता आत जायची आणि त्याच्यासाठी वाटीभर बीटाचं सूप घेऊन यायची, वॉकरच्या टोपलीत ठेवून, निम्मं सांडवत. "तुझ्या आईला माझ्या हातचं आवडायचं," ती म्हणायची. त्याच्या आईला काही आवडायचं नाही, फुकटचं सोडून. तो सूप प्यायचा. चांगलं असायचं, आणि त्याचाच त्याला जास्त राग यायचा. संध्याकाळी घरी तो लॉरेनला तिच्या नकला करून दाखवायचा. वॉकर, करकर, पाद्री. लॉरेन एकदा म्हणाली, "तू आजकाल दुसऱ्या कुणाबद्दल बोलतच नाहीस."

फ्रिट्स पहिल्यांदा आला तेव्हा सगळं जमलं होतं. मधल्या दारापुढे रोमनने कपाट सरकवून ठेवलं होतं. फ्रिट्सने खोली मोजली, टेबल पाहिलं, फोन उचलून सूर ऐकला, आणि मग कपाटामागून बीटाच्या सुपाचा वास आला. "हे काय शिजतंय?" त्याने कपाट हाताने बाजूला ढकललं. धंद्याची जागा आणि राहतं घर यांच्यामध्ये वाट चालत नाही. कायमची भिंत हवी, धंद्याला स्वतःचं वेगळं दार हवं. "भिंत घाला, मग बोलवा," फ्रिट्स म्हणाला होता. एका सुपाच्या वाटीने त्याचा अख्खा महिना गेला. लिलावाला जाऊन आणलेल्या पाच गाड्या बर्फाखाली उभ्या, आणि परवाना नाही म्हणून त्यांतली एकही विकायची सोय नाही.

तिला सांगायला गेला तेव्हा त्याने मनात भांडणाची सगळी तयारी केली होती. म्हातारी रडेल, ब्रोनेकचं नाव काढेल, भाडं वाढवेल. ती बटाटे सोलत होती. "भिंत?" ती म्हणाली. "बांध की. मी काय, पलीकडेच आहे." एवढंच. तिचं बाहेर जायचं दार म्हणजे दुकानाचंच दार होतं. ते बंद झालं की उरलं मागचं, गल्लीतलं, तीन-चार पायऱ्यांचं. हे तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. दोघंही बोलले नाहीत. भांडायलासुद्धा येत नाही या लोकांना, असं त्याला वाटलं होतं, आणि वाटल्यावर बरं वाटलं होतं. डॉनी नावाच्या एका ओळखीच्या माणसाने एका दुपारीत काम उरकलं. लाकडाचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी जिप्समच्या पाट्या, वर रंग. "आत आवाज अडवायचा कापूस भरू?" त्याने विचारलं. "पैसे वेगळे पडतील." "भिंत दिसली की झालं," रोमन म्हणाला होता.

आणि आता फ्रिट्स त्याच भिंतीजवळ गेला. बोटांच्या पेरांनी टकटक केलं. ती ढोलकीसारखी बोलली. आता पलीकडून उत्तर येईल. म्हातारी फरशीवर पडलेली असेल, कानाशी टकटक ऐकेल, तिला वाटेल आला रोमेक, आणि ती ठोकेल. रोमन मनातल्या मनात म्हणाला, ठोकू नको. मग त्याला जाणवलं की आपण तिला आज पहिल्यांदाच काहीतरी मनापासून मागतो आहोत. त्याला तिची फरशी दिसत होती, हिरव्या-पांढऱ्या चौकटीची, तिच्यावर पसरलेला तिचा निळा झगा, आणि उलटा पडलेला वॉकर, चाकं अजून फिरणारी. हे दृश्य त्याच्या डोळ्यांपुढे इतकं ठळक होतं की फ्रिट्सला ते कसं दिसत नाही याचंच त्याला नवल वाटलं. बोल. नुसतं म्हण, की शेजारी एक म्हातारी बाई आहे, जरा बघून येतो. त्याचे ओठ हललेसुद्धा.

"ती निळी केवढ्याला?" फ्रिट्स म्हणाला.

"कुठली?"

"ती कोपऱ्यातली. माझी मुलगी कॉलेजला जाते. साधीच हवी."

"निळी नका घेऊ," रोमन म्हणाला. आवाज आपोआप मऊ झाला, पोटातून आला. "तुम्हाला म्हणून सांगतो. राखाडी बघा. परवाना आला की शांतपणे या, किमतीचं आपण बघू." निळ्या गाडीत काही खोट नव्हती. पण एक गाडी नको म्हणून सांगितली की दुसरीवर माणसाचा विश्वास बसतो. फ्रिट्सचा बसला. त्याच्या चेहऱ्यावर ते आलं, सगळ्यांच्या येतं ते, आपल्याला आतली गोष्ट कळल्याचं बावळट समाधान. तो खुर्चीत बसला, सही केली, गुडघ्याच्या दुखण्याबद्दल सांगितलं, हिवाळा यंदा किती लांबला त्याबद्दल सांगितलं, आणि रोमन मान डोलावत राहिला. त्याने त्याला दारापर्यंत सोडलं. गाडीपर्यंत सोडलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभा राहिला. मग धावला.

गल्ली इमारतीला वळसा घालून जात होती. कचऱ्याचे डबे, मांजर, काळवंडलेला बर्फ. म्हातारीच्या मागच्या पायऱ्यांवर मात्र बर्फ पांढराशुभ्र होता, पावासारखा फुगलेला. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. भिंत झाल्यापासून ती घराबाहेर पडलीच नव्हती, हे त्याला तिथे कळलं, कठड्याला धरून घसरत वर चढताना.

दार नुसतं लोटलेलं होतं. मिसेस पेलचार स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. हातात हातोडी. मांडीवर काळ्या मेरीमातेची तसबीर, सोनेरी चौकटीची. पायाशी प्लास्टरचा चुरा, वाकलेले खिळे.

"गेला साहेब?" तिने विचारलं.

"गेला."

"झालं काम?"

"झालं." तो धापा टाकत होता. बुटांचं पाणी फरशीवर पसरत होतं. हिरव्या-पांढऱ्या चौकटी. "तुम्ही... काय करत होता?"

"ही दारावर असायची. दार गेलं, ही बिचारी महिनाभर पलंगाखाली. म्हटलं आज लावावी, तुझं आज काम आहे तर. पण खिळा काही धरत नाही. आत नुसतं पोकळ." तिने हातोडी त्याच्यापुढे धरली. "तू बघ."

त्याने हातोडी घेतली. ती पडली नव्हती. कुणाला काही झालं नव्हतं. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही, पण ते सुटणं अंगाखालची खुर्ची कुणी काढून घ्यावी तसं होतं. ती पडली असती तरी त्याने हेच केलं असतं. निळी नका घेऊ, राखाडी बघा. आता ते कधीच कुणाला कळणार नव्हतं. तो भिंतीवर पेरं वाजवत आतलं लाकूड शोधू लागला. पोकळ, पोकळ, पोकळ, मग भरीव. त्याने तिथे खिळा धरला.

"म्हणजे ऐकू येतं तुला तिकडे," म्हातारी मागून म्हणाली.

"थोडं थोडं."

"इकडे सगळं येतं. तो पहिल्यांदा खोकला तेव्हाच मला कळलं आला म्हणून. गुडघा दुखतो बिचाऱ्याचा." तो खिळा ठोकत होता, गरज नव्हती तेवढ्या जोराने. "रोमेक, या घरातले पाइप ब्रोनेकने जायच्या आधी बदलून घेतले. सगळे नवे. ते आवाज करत नाहीत. पुन्हा कुणी विचारलं तर दुसरं काहीतरी सांग."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याने मुद्दाम शोधला. असता तर त्याला परतफेड करता आली असती, त्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याने तसबीर खिळ्याला अडकवली. मेरीमातेच्या गालावर तलवारीचे ते दोन जुने वार, पोलंडमधल्या मूळ चित्रात आहेत तसेच. "सरळ आहे?" त्याने विचारलं.

"उजवीकडे जरा. हं. राहू दे आता." तिने भुवया वर करून त्याच्याकडे पाहिलं. "मी पडले असं वाटलं ना तुला?"

"नाही," तो म्हणाला. "मला वाटलं काहीतरी ठोकताय."

"बरं," ती म्हणाली. "सूप आहे. पिऊन जा."

तो उभ्या उभ्याच प्यायला, कोमट होतं ते. जाताना त्याने पायऱ्यांवरचा बर्फ बुटाने बाजूला लोटायचा प्रयत्न केला. खालचा थर दगडासारखा झाला होता. उद्या मीठ आणून टाकू, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि आपण हे कोणत्या सुरात म्हणालो ते त्याला चांगलंच ऐकू आलं.

परवान्याचा कागद पुढच्या आठवड्यात आला. नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाला दिसेल असा त्याने तो टेबलामागे लावला. त्या शनिवारी पहिलं जोडपं आलं, तरुण, मेक्सिकन, पटांगणाच्या पलीकडच्या मांस-कारखान्यात काम करणारं. बाईच्या पोटात मूल होतं. नवऱ्याने प्रत्येक गाडीचं दार उघडून पाहिलं. ती फक्त राखाडीकडे पाहत उभी राहिली, हात लावला नाही. सही तिची. रोमनने त्यांना आत आणलं, दोन खुर्च्यांत बसवलं. खोलीत चामड्याचा वास होता. पलीकडे वॉकरचं चाक करकरलं आणि थांबलं.

त्याने बोलायला तोंड उघडलं आणि आवाज खाली आला. इतका खाली की नवऱ्याला पुढे वाकावं लागलं.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, चांगली गाडी आहे."

"आधी कोणाची होती?" बाईने विचारलं. सरळ त्याच्या डोळ्यांत पाहत.

त्याला माहीत नव्हतं. लिलावात रांगेत उभी होती, तेवढंच. तो तसं म्हणू शकला असता. त्याने भिंतीकडे पाहिलं. बाईनेही पाहिलं; तिथे रंगाशिवाय काही नव्हतं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली, संशयाची, आणि नवऱ्याने खुर्ची किंचित मागे सरकवली. असा क्षण त्याने हजारदा पाहिला होता. इथून माणसं उठतात.

तेवढ्यात पलीकडे रेडिओ लागला. शनिवारचा पोल्का, अकॉर्डियन आणि टाळ्या. आधी हळू, मग कुणीतरी बटण फिरवत नेल्यासारखा मोठा होत गेला, इतका मोठा की टेबलावरची पेनं थरथरली, आणि अलीकडे कुणी काहीही बोललं असतं तरी पलीकडे एक शब्दसुद्धा पोचला नसता.

रोमन थोडा वेळ ऐकत राहिला. मग खुर्ची पुढे ओढून तो हसला.

"एका म्हाताऱ्या बाईची," तो मोठ्याने म्हणाला. "रविवारी चर्चला जाण्यापुरती काढायची बाहेर."